शिशाच्या शिपायांचे डोळे

आमच्या घरी शिशाचा एकही शिपाई उरलेला नाही. जुने विद्यार्थी कधी भेटायला आले की म्हणतात, "मास्तर, एखादा तरी आठवणीसाठी ठेवायचा होता." मी विषय बदलतो, आणि कुणी फारच चिकाटी धरली तर त्याच्यावर खेकसतो. आठवणीसाठी मी स्वतः आहे, तेवढा पुष्कळ झाला. पण आता बायको गेली, माझंही वय झालं, आणि हे सगळं माझ्याबरोबर सरणावर जाऊ द्यायचं नाही असं ठरवून लिहायला बसलो आहे. आपली बाजू मांडायचा माझा विचार नाही. मला बाजू नाहीच.

मी तेव्हा अमरावतीच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होतो. घरचा धंदा भाजीपाल्याचा आणि फुलांचा. गावाबाहेर आमची वाडी होती. वांगी, मेथी, झेंडू, शेवंती, मोगरा असं काय काय व्हायचं आणि सकाळच्या बाजारात जायचं. घरात शिकून मास्तर झालेला मी एकटाच, त्यामुळे माझ्या शब्दाला नको इतकं वजन आलं होतं. मी काही म्हटलं की माय गप्प बसायची, आणि बायको हसायची पण ऐकायची.

एके दिवशी शाळेत एक डॉक्टर आले. लष्करातून निवृत्त होऊन ते कॅम्पात बंगला घेऊन राहिले होते. पहिल्या महायुद्धात ते इराकातल्या बसऱ्याला होते आणि तिथल्या इस्पितळात एका गोऱ्या अधिकाऱ्याने त्यांना एक खेळ शिकवला होता. मोठ्या टेबलावर दोन फौजा मांडायच्या, पट्टीने मोजून त्या पुढे सरकवायच्या, स्प्रिंगच्या चिमुकल्या तोफेतून लाकडी काड्या मारायच्या, आणि जो शिपाई आडवा होईल तो मेला असं धरायचं. त्यांना जोडीदार मिळाला तो अकोल्याचा एक वकील. या वकिलांचं शेत अडगावला होतं. नागपूरच्या राजाच्या फौजेला कंपनीच्या पलटणींनी जिथे हरवलं तेच हे अडगाव. शेत नांगरताना तिथे एकदा फाळाला तोफेचा लोखंडी गोळा लागला. त्या दिवसापासून वकीलसाहेबांना ती लढाई जिंकायची होती, सव्वाशे वर्षं उशिरा का होईना.

डॉक्टरांकडे विलायतेहून आणलेले साचे होते. ओतणारा आणि रंगवणारा माणूस हवा होता.

"मला खेळणी नकोत, मास्तर," ते म्हणाले. "माणसं हवीत. बोटाच्या दोन पेरांएवढी, पण माणसं. कोटाची बटणं मोजता आली पाहिजेत आणि प्रत्येकाला डोळे पाहिजेत."

मी लगेच हो म्हटलं. फळ्यावर आंबा आणि घागर काढून काढून मी कंटाळलो होतो.

छापखान्यातून अक्षरांचे झिजलेले शिशाचे खिळे मिळायचे. ते आणि जुन्या नळाचे तुकडे लोखंडी पळीत घालून मी आमच्या चुलीवरच वितळवायचो. शेवटची भाकरी उतरली की पळी चढायची. शिशावर राखाडी साय धरायची, ती बाजूला सारून साच्यात ओतलं की थोड्या वेळाने शिपाई बाहेर यायचा. मग कानशीने त्याच्या कडा घासायच्या. ती पूड चुलीपाशी, पाट्यावर, सगळीकडे बसायची. माय फडक्याने ती पुसून घ्यायची आणि त्याच फडक्याने ताटं पुसायची. घासलेल्या शिपायाला आधी सबंध अंगभर सफेदा लावायचा. सफेद्याची पूड बाजारात पुडीत मिळे, आणि बायको ती बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात वाटून द्यायची. सफेदाही शिशाचाच असतो हे मला ठाऊक होतं. मी ते वर्गात शिकवत होतो.

कोट, पगडी, बंदूक, छातीवरचे पांढरे पट्टे मला जमले. डोळे काही जमेनात. सफेद्याचा एक ठिपका आणि त्यात काजळीचा त्याहून लहान ठिपका, एवढंच काम. त्यासाठी खारीच्या शेपटीच्या चार केसांचा कुंचला केला होता. पण ऐन वेळी माझा हात थरथरायचा. तीन शिपाई वाया गेले. बायको दारात बसून गजरे गुंफत होती.

"लढाईले चालले का जत्रेले?" ती म्हणाली. "सगळेच चकणे."

"येत असंल त तूच काढ."

"आना मंग."

तिचं माहेर अकोल्याकडचं. भादव्याच्या पौर्णिमेला आमच्या भागातल्या पोरी मातीची भुलाबाई मांडतात आणि महिनाभर तिच्यापुढे गाणी म्हणतात. माहेरच्या सगळ्या आळीची भुलाबाई हीच रंगवायची आणि डोळे सगळ्यांत शेवटी काढायची. तिने कुंचला हातात धरला तेव्हाच मला कळलं की हा हात माझ्या हातापेक्षा चांगला आहे. फक्त कुंचल्याचं टोक पाण्याने फाकत होतं. तेव्हा मी बोललो, आणि ते माझे शब्द मला आजही जसेच्या तसे आठवतात.

"गजऱ्याचा दोरा कसा तोंडात धरते? तसंच कर. थुंकीनं टोक निघते."

आमच्या घरात बायांच्या तोंडात सकाळभर केळीच्या सोपटाचा दोरा असायचा. तो ओठांतून ओढून ओला करायचा आणि फुलावर गाठ मारायची, ही सवय हाताला असते तशी त्यांच्या तोंडालाच असते. तिने कुंचला ओठांत धरून फिरवला. सुईसारखं टोक निघालं.

"गोड लागते, अवो," ती म्हणाली.

मग दोन ठिपके, आणि तो शिपाई आमच्याकडे पाहू लागला. मला फार आनंद झाला, हे कबूल करतो. त्या दिवसापासून डोळे तिच्याकडे गेले. बुबुळांची काजळीसुद्धा तीच धरायची, दिव्यावर तांब्याचं ताट उपडं ठेवून, घरात लेकरांसाठी काजळ धरतात तशी.

डॉक्टरांनी पहिली तुकडी भिंगाखाली धरली आणि एकेक डोळा पाहिला. "वा, मास्तर! काय हात आहे तुमचा!" ते म्हणाले. मी मान खाली घातली. ती विनयाने घातली असं त्यांना वाटलं. बायकोच्या हातचं आहे म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? काही नाही. पण कॅम्पातल्या बंगल्यात मला पहिल्यांदाच कुणी खुर्ची दिली होती आणि त्या खुर्चीवरून उठायची माझी तयारी नव्हती.

हिवाळ्यातल्या एका रविवारी अकोल्याला पहिली लढाई झाली. कापसाचे थर देऊन शिपाई डब्यात भरले आणि बडनेऱ्याला गाडीत बसून अकोल्यापर्यंत डबा मी मांडीवर धरला. वकिलांनी आपल्या शेतातली काळी माती चाळून टेबलावर पसरली होती. नांगराला लागलेला तो तोफगोळा एका कोपऱ्यात ठेवला होता. कंपनीचे शिपाई लाल कोटातले, राजाचे रंगीबेरंगी, पण चेहऱ्यांचा रंग दोन्हीकडे एकाच वाटीतला, कारण कंपनीच्या पलटणींतही बहुतेक आपलेच लोक होते. दिवसभर काड्या उडत राहिल्या. वकीलसाहेब हरले आणि तोफा चुकीच्या मांडल्या म्हणून डॉक्टरांशी तंडले. संध्याकाळच्या गाडीच्या आधी आम्ही मेलेले शिपाई मातीतून वेचत होतो, तेव्हा डॉक्टर सहज म्हणाले,

"मास्तर, ब्रश तोंडात घालत नाही ना? शिसं वाईट. हळूहळू चढतं. पोट बिघडतं, हात निकामी होतात. बायकामाणसांना तर फारच वाईट, मूल टिकत नाही."

"छे," मी म्हणालो. "मी नाही घालत."

ते खरंच होतं. मी घालत नव्हतो. बडनेऱ्यापर्यंत मी त्यावर विचार करत बसलो. तिला सांगितलं तर टोक जाणार, टोक गेलं की डोळे जाणार, आणि डोळे कुणाचे ते उघडं पडणार. शिवाय डॉक्टर लोकांना सगळ्याचीच भीती वाटते. आमच्या घरात तर पिढ्यान्‌पिढ्या देवाचा शेंदूर, म्हणजे शिसंच, लागलेल्या हातांनी भाकरी खाल्ली, कोण मेलं? घरी पोचेपर्यंत माझं ठरलं की सांगण्यासारखं काही नाही. ते बोलणं मी विसरून गेलो असं पुढे दोघा-तिघांना सांगितलं आहे. मी विसरलो नव्हतो.

पुढच्या पावसाळ्यात पहिलं मूल पाचव्या महिन्यात गेलं. त्यानंतर वर्षाने दुसरं दिवस भरून आलं, पण रडलं नाही. मुलगा होता. बायको बाळंतिणीच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली आणि महिन्याभराने उठून पुन्हा कामाला लागली. डोळे काढताना तिला बरं वाटायचं. तेवढा वेळ दुसरं काही सुचत नाही, असं ती म्हणायची.

माय मात्र एक दिवस माझ्यासमोर येऊन बसली.

"बाबू, हे बाहुले घरातून काढ," ती म्हणाली. "भुलाबाईले आपन डोये देतो त तिची पूजा करतो, नदीत शिरवतो. याईले डोये देता अन् मारून टाकता. कोनाचा जीव हाये तो? तो आपल्या घरातून जाऊन राहिला."

मी मायला भाषण दिलं. अंधश्रद्धा, अडाणीपणा, विसावं शतक, काय काय बोललो. ती गप्प झाली, कारण तिच्याजवळ वाद घालायला शब्द नव्हते आणि माझ्याजवळ भरपूर होते. तिने त्या दिवशी जे सांगितलं तेवढं मी नुसतं ऐकलं असतं तरी पुरे होतं. तिचं कारण चूक होतं, सांगणं बरोबर होतं. खरं कारण मला माहीत होतं आणि मी तिला हसत होतो.

तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा बायकोला डोहाळे लागले. कुणाला माती खावीशी वाटते, कुणाला चुलीतली राख. हिला कुंचला चोखावासा वाटे. काम संपलं तरी ती सफेद्याच्या वाटीत टोक बुडवून तोंडात धरून बसायची. माय पुष्कळ दिवसांनी हसली, म्हणाली, "रंगाचे डोहाये लागले वं माह्या सुनेले! पोरगं मास्तरच होईन." डोहाळे मोडू नयेत, पुरवावेत, अशी आमच्याकडची रीत. मी बाजारातून एका पुडीऐवजी दोन पुड्या आणल्या आणि माझ्या हाताने तिच्या हातात दिल्या.

पाऊस सरता सरता तिच्या पोटात मुरडा येऊ लागला. ती वाकून बसायची, घाम सुटायचा, मग कळ ओसरायची. तोंडावरचं रक्त गेलं. गजरा करताना हातातून फूल सुटायला लागलं. हात उचलला की मनगट खाली लोंबायचं, मोडलेल्या फांदीसारखं. "हात झोपला," ती म्हणायची आणि दुसऱ्या हाताने तो चोळायची.

डॉक्टरांनी त्या हिवाळ्याच्या लढाईसाठी साठ नवे घोडेस्वार मागितले होते. पहिले वीस झाले तेव्हा मी पाहिलं तर अर्धे चकणे होते.

"लक्ष कुठं हाये तुहं?" मी ओरडलो.

"हात ऐकत नाई," ती म्हणाली.

मी उरलेले चाळीस तिच्यापुढे ठेवले. तिने डाव्या हाताने उजवं मनगट धरून काढायला सुरुवात केली. ते पाहूनही मी उठलो नाही, कानस चालवत राहिलो.

काम लांबलं तेव्हा एका रविवारी दुपारी डॉक्टरांचा टांगा वाडीच्या फाटकाशी थांबला. वर्दी न देता ते सरळ ओसरीवर आले. बायको भिंतीला टेकून बसली होती, उजवं मनगट धान्याच्या उपड्या पायलीवर टेकवलेलं, समोर घोडेस्वार, आणि कुंचला ओठांत. डॉक्टर तिथेच थांबले. तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"डोळे या काढतात?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

त्यांनी टोपी काढली आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले. "बाई, हात पुढे करा," ते म्हणाले. तिने केले. दोन्ही मनगटं खाली पडली. "आता तोंड उघडा." त्यांनी बोटाने तिचा ओठ वर केला आणि मला जवळ बोलावलं. हिरड्यांच्या कडेने निळसर काळी रेघ होती, काजळाने आखावी तशी.

"मी तुम्हाला विचारलं होतं, मास्तर."

"हो."

"तुम्ही नाही म्हणालात."

"मी माझं सांगितलं होतं."

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी मायला सांगितलं की पळी, पाटा, पुड्या, सगळं घरातून बाहेर टाका, हिला दूध द्या, औषध पाठवतो. सगळे घोडेस्वार त्यांनी डब्यात भरून बरोबर घेतले. त्यांतल्या छत्तीस जणांना अजून डोळे नव्हते. टांग्यापाशी मी विचारलं, "मूल?" ते म्हणाले, "पाहू," आणि माझ्याकडे न पाहता निघून गेले.

मी ओसरीवर परतलो. बायकोने सगळं ऐकलं होतं.

"तुमाले मालूम होतं?"

"होतं."

ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "एक काम करा. अकोल्याले जा, अन् डोये कोनाचे हायेत ते सगळ्याईसमोर सांगा."

मी गेलो. काळ्या मातीवर फौजा मांडलेल्या होत्या आणि ते बिनडोळ्यांचे घोडेस्वारही रांगेत उभे होते. मी मोठ्याने सांगितलं की आजवरचे सगळे डोळे माझ्या बायकोने काढले, एकही मी काढला नाही. डॉक्टर खाली मातीकडे पाहत राहिले. वकीलसाहेब गोंधळले.

"डोळे? कुठले डोळे?" ते टेबलाच्या कडेशी, खेळणारा उभा राहतो तिथे उभे होते. त्यांनी थोडं वाकून पाहिलं. "इथून तर काही दिसत नाही, मास्तर. डॉक्टर, तुम्हाला दिसतात?"

ते माणूस म्हणून वाईट नव्हते, दिसलं ते बोलले. मीही त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. खरंच दिसत नव्हतं. डोळे असलेले कोणते आणि नसलेले कोणते, काही कळत नव्हतं. मी खेळ सुरू व्हायच्या आधीच स्टेशनवर जाऊन बसलो.

"सांगतलं?" घरी आल्यावर तिने विचारलं.

"सांगितलं."

"काय म्हनले मंग?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. पण ते मी आधीच पुष्कळ बोललो होतो. "लांबून दिसत नाहीत म्हणाले."

"कोनालेच?"

"कुणालाच नाही."

रागाने नाही, खरोखरच कळत नाही म्हणून विचारावं तसं तिने विचारलं, "मंग माह्याकून कायले काढून घेतले?"

नंतर आम्ही पुष्कळ वर्षं एकत्र काढली, तिचे हात थोडेफार सुधारले, पण गजरा तिला पुन्हा कधी करता आला नाही. तो प्रश्न तिने पुन्हा विचारला नाही आणि उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

पौष महिन्यात मुलगी झाली. जिवंत झाली, रडलीसुद्धा, पण तो आवाज शेजारच्या खोलीतही पोचला नसता. ओंजळीत मावेल एवढी होती. पाचव्या दिवशी मायने पाचवीची तयारी केली, नव्या ताटावर काजळ धरलं आणि बायकोपुढे आणून ठेवलं. पहिलं काजळ आईने घालायचं. तिने बोट काजळाला लावलं, हात उचलला, आणि मनगट खाली पडलं. पुन्हा उचलला, पुन्हा तेच. माय पुढे सरकली.

"तुमी नोको, आत्याबाई," बायको म्हणाली. "याईले घालू द्या."

"माझा हात थरथरतो," मी म्हणालो.

"मले मालूम हाये," ती म्हणाली. "तरी घाला."

मी करंगळीला काजळ घेतलं. उजवा डोळा कसाबसा जमला. डावीकडे बोट घसरलं आणि रेघ कानशिलापर्यंत गेली. मुलगी रडली नाही. बायको तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिली. त्यानंतर रोज सकाळी मीच काजळ घालत होतो आणि रोज ती डावी रेघ बाहेर जात होती.

नवव्या दिवशी सकाळी मुलगी गेली. आमच्याकडे एवढ्या लहानांना पुरतात. वाडीच्या बांधाला जागा केली. फडक्यात गुंडाळताना मायने पदराचं टोक ओलं केलं आणि कानशिलावरचं ते काजळ पुसायला हात पुढे केला. मी तिचा हात धरला.

"राहू दे, माय," मी म्हणालो. "हे मी काढलेलं आहे."

मायने पदर मागे घेतला. मग आम्ही माती घातली.